भूगोलाच्या तासाला डिजिटल नकाशा: शिक्षकांना नेमकं काय शिकवायला हवं?

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. तरीही राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने कुठे, असं विचारलं की सोलापूरचंच नाव पुढे येतं. हे कसं काय, असा प्रश्न नववीच्या वर्गात टाकला तर 'उजनी' हे उत्तर लगेच मिळतं. उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. उजनी धरणाचं पाणी कुणाच्या शिवारात पोचतं आणि कुणाच्या नाही, कालवा आधी आला की कारखाना, बार्शीकडे पाऊस तुलनेनं बरा असूनही कारखान्यांची दाटी माळशिरस-पंढरपूर पट्ट्यात का, हे सगळे प्रश्न त्या एका शब्दात मिटून जातात.

आता हाच प्रश्न नकाशावर मांडून बघा. आधी अकरा तालुक्यांच्या सीमा. त्यावर तालुकानिहाय पाऊस. त्यावर भीमा, नीरा, सीना, माण. मग उजनीचा डावा-उजवा कालवा, नीरेचा उजवा कालवा, भीमेचं पाणी सीनेत आणणारा बोगदा. आणि सगळ्यांत शेवटी कारखान्यांचे ठिपके. कारखाने पावसाच्या मागे गेलेले नाहीत, कालव्यांच्या मागे गेलेत, हे मग मुलांना सांगावं लागत नाही. ती बोट ठेवून दाखवतात आणि पुढचा प्रश्न स्वतःच विचारतात: मग सांगोल्यात डाळिंब का?

संगणकावर असे थर रचून त्यांचे एकमेकांशी संबंध शोधण्याच्या पद्धतीला जीआयएस म्हणतात. पुस्तकी मराठीत भौगोलिक माहिती प्रणाली. कॅनडात १९६०च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी देशभरातल्या जमिनीच्या नोंदींसाठी अशी पहिली मोठी प्रणाली उभी केली. तेव्हा त्यासाठी खोलीएवढे संगणक लागायचे. आज तेच काम साध्या लॅपटॉपवर, बरंचसं फोनवरही होतं. तंत्र शाळेच्या दारापर्यंत आलेलं आहे. अडचण आहे ती शिक्षकांच्या प्रशिक्षणात, आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

आधी तंत्र थोडक्यात

गूगल मॅपवर पंढरपूरचा रस्ता शोधणं म्हणजे जीआयएस नव्हे. तिथे दुसऱ्याने केलेला नकाशा आपण फक्त बघतो. जीआयएसमध्ये नकाशावरच्या प्रत्येक आकारामागे एक तक्ता असतो. मोहोळ तालुक्यावर क्लिक केलं की त्या तालुक्याची ओळ उघडते: क्षेत्रफळ, लोकसंख्या, पाऊस, विहिरींची संख्या, जे काही आपण भरलं असेल ते. त्यामुळे नकाशाला प्रश्न विचारता येतो. 'कालव्यापासून पाच किलोमीटरच्या आतली गावं दाखव', 'यातली कोणती गावं नदीपासूनही लांब आहेत', असं विचारलं की तेवढीच गावं रंगून समोर येतात.

नकाशावरची माहिती दोन प्रकारांनी साठवतात. विहीर, बसथांबा, शाळा हे ठिपके. नदी, रस्ता, कालवा या रेषा. तालुका, तलाव, गट नंबर हे बंदिस्त आकार. हा झाला एक प्रकार, व्हेक्टर. दुसरा प्रकार रास्टर. त्यात सगळा प्रदेश बारीक चौकटींत विभागलेला असतो आणि प्रत्येक चौकटीला एकच किंमत असते. सोलापुरी चादरीची जेकार्ड नक्षी आधी चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवून काढतात, तसंच हे. पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्या घरांतल्या मुलांना रास्टर याहून सोपा करून सांगता येणार नाही. उपग्रहाची छायाचित्रं अशा चौकटींचीच असतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची एक चौकट दहा मीटर बाय दहा मीटरची, म्हणजे शंभर चौरस मीटरची असते. आपला एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. म्हणजे आकाशातून दिसणारी एक चौकट जवळपास एका गुंठ्याएवढी. लँडसॅट उपग्रहाची चौकट तीस मीटरची, म्हणजे साधारण नऊ गुंठ्यांची. शेतकऱ्याच्या मुलाला हे एकदा सांगितलं की छायाचित्रात आपली विहीर का दिसत नाही आणि शेजारचं शेततळं का दिसतं, हे त्याचं त्याला कळतं.

तिसरी गोष्ट जीपीएस. ती बहुतेक शिक्षकांच्या आणि पालकांच्या हातून आधीच गेलेली आहे, फक्त त्या नावाने नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढतो, तेव्हा फोन त्याचं ठिकाण नोंदवतो. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश फोन पकडतो आणि किमान चार उपग्रह सापडले की आपण कुठे आहोत याचं गणित सोडवतो. उघड्या माळावर चूक काही मीटरची. पत्र्याच्या शेडखाली किंवा दाट झाडीत ती वाढते.

शिक्षकाला सुरुवातीला एवढं पुरे. बाकीचं हात चालवता चालवता येतं.

प्रशिक्षण कुठे फसतं

नेहमीचा अनुभव असा. ऑर्डर येते. तालुक्यातले पन्नास-साठ शिक्षक एका सभागृहात बसतात. सकाळी जीआयएसची व्याख्या, इतिहास, संरक्षणापासून हवामानापर्यंत उपयोग, अशा स्लाइड. दुपारी तज्ज्ञ स्वतःच्या लॅपटॉपवर प्रात्यक्षिक दाखवतात आणि मागच्या रांगेत बसलेल्यांना पडद्यावरचा मेनूसुद्धा वाचता येत नाही. हजेरी, प्रमाणपत्र, गटाचा फोटो. पुढच्या आठवड्यात घटक चाचणी असते, ऑनलाइन माहिती भरायची असते, मतदार यादीचं काम असतं. महिन्याभरात त्या सॉफ्टवेअरचं नावही आठवत नाही.

याचा दोष शिक्षकांना देणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांना बटणं दाखवली, तास दाखवला नाही. कोणत्या इयत्तेच्या कोणत्या धड्याला, चाळीस मिनिटांच्या तासिकेत, एक टीव्ही आणि एक फोन असताना हे कसं वापरायचं, याचं उत्तर कुणी दिलंच नाही. पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू केलर या संशोधकांनी २००६ मध्ये याची नेमकी मांडणी केली. शिक्षकाला विषय यावा लागतो, शिकवणं यावं लागतं आणि साधन यावं लागतं. पण ही तीन ज्ञानं वेगवेगळी येऊन भागत नाही. अमुक गोष्ट समजावायला अमुक साधन अशा रीतीने वापरावं, हे चौथंच ज्ञान असतं आणि ते सरावातूनच येतं. आपल्या प्रशिक्षणांत साधनाचा तास असतो, विषयाचा वेगळा तास असतो, आणि दोन्ही जिथे भेटतात तो तास वेळापत्रकात नसतो.

आणखी एक गोष्ट. अनेक शाळांत इतिहास-भूगोल एकच शिक्षक घेतात आणि त्यांची पदवी इतिहासाची किंवा भाषेची असू शकते. अशा बाईंना नकाशाप्रमाणाचीच धास्ती असेल, तर सॉफ्टवेअर ती धास्ती दुप्पट करतं. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात भूगोलाची उजळणी आणि साधनाची ओळख एकाच कृतीतून व्हावी. ते अवघड नाही, कारण साधन वापरताना होणारी प्रत्येक चूक भूगोलाचीच एखादी संकल्पना उघडी करते.

शाळेचा ठिपका उत्तर ध्रुवाजवळ

पहिल्या सत्रात प्रत्येकाने फोन उघडून आपल्या शाळेचे अक्षांश-रेखांश लिहून आणावेत. सोलापूर शहराचे ढोबळमानाने १७.६७ उत्तर आणि ७५.९ पूर्व. मग हे आकडे तक्त्यात भरून नकाशावर टाकायचे. दर गटात एखाद्याच्या हातून दोन रकाने उलटे भरले जातातच: अक्षांशाच्या जागी ७५.९, रेखांशाच्या जागी १७.६७. ठिपका सोलापूरवरून नाहीसा होतो. नकाशा लहान करत करत शोधला, तर तो नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेकडच्या बर्फाळ समुद्रात सापडतो.

इथे प्रशिक्षकाने घाईने दुरुस्ती करून पुढे जाऊ नये. थांबावं आणि विचारावं: तिथेच का? ७५ अंश उत्तर अक्षवृत्त म्हणजे कुठे? रेखांश १७ म्हणजे ग्रीनिचपासून किती लांब? सहावीत अक्षवृत्तं-रेखावृत्तं पाठ करून घेताना जे हाताला लागत नाही, ते इथे आपल्या शाळेचा ठिपका हरवल्यामुळे लागतं. लगेच पुढचा प्रश्न: दशांश चिन्हानंतरचे आकडे कशासाठी? एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून दशांशानंतरचा चौथा आकडा साधारण अकरा मीटरचा, पाचवा एक मीटरचा. दोनच आकडे लिहिले, तर ठिपका शाळेऐवजी शेजारच्या वस्तीवर पडू शकतो. शिवाय रेखांशावरून आठवीचा स्थानिक वेळेचा धडा आयता हाती येतो. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटांवर ठरते. सोलापूर त्याच्या साडेसहा अंशांहून थोडं जास्त पश्चिमेला आहे. दर अंशाला चार मिनिटं धरली, तर आपली स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे २६ मिनिटं मागे. म्हणजे सूर्य डोक्यावर आला, तरी घड्याळात बारा केव्हाच वाजून गेलेले असतात.

अशीच दुसरी चूक अंतराची. कालव्याभोवती पाच किलोमीटरचा पट्टा काढायचा असतो. सॉफ्टवेअरमध्ये पाच लिहितात आणि पट्टा अख्खा महाराष्ट्र गिळतो, कारण नकाशा अंशांत मोजत असतो आणि पाच अंश म्हणजे साडेपाचशे किलोमीटर. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना प्रक्षेपण का लागतं, हे समजावण्याची यापेक्षा चांगली संधी मिळत नाही. सोलापूर ज्या पट्ट्यात येतं तो यूटीएम या प्रक्षेपणाचा ४३ उत्तर पट्टा निवडला की मोजणी मीटरमध्ये होते. एवढी एक गोष्ट शिक्षकांनी वहीत लिहून ठेवावी.

पांढरे राहिलेले तालुके

नववीच्या पुस्तकात वितरणाचे नकाशे आहेत. टिंब पद्धत, प्रत्येक तालुक्याला आकड्यानुसार फिका-गडद रंग देणारी क्षेत्रघनी पद्धत, सममूल्य रेषा. मुलं ते रंगीत पेन्सिलीने रंगवतात आणि रंगवण्यातच तास जातो. कोणता तालुका गडद आणि का, हे बोलायला वेळ उरत नाही. हा धडा डिजिटल नकाशासाठी अगदी योग्य आहे, कारण रंगवण्याचं काम यंत्राकडे जातं आणि विचार करण्याचं मुलांकडे उरतं.

शिक्षकांनी हा नकाशा प्रशिक्षणात स्वतः करावा. एका बाजूला तालुक्यांच्या सीमांची फाइल, दुसऱ्या बाजूला जनगणनेचा तक्ता. दोन्ही एका समान रकान्याने जोडायचे, तालुक्याच्या नावाने. जोडलं, रंग दिले आणि नऊच तालुके रंगले. दोन पांढरे. सगळे पडद्याकडे बघतात. तक्ता उघडल्यावर कळतं की सीमांच्या फाइलमध्ये 'उत्तर सोलापूर' आहे आणि तक्त्यात 'सोलापूर उत्तर'. दक्षिणचीही तीच गत. माणसाला दोन्ही एकच. यंत्राला ती दोन वेगळी गावं. नाव दुरुस्त केलं की रंग भरतो. कधी 'मोहोळ'च्या पुढे एक रिकामी जागा राहिलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि जोडणी मात्र होत नाही. कधी सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात, कारण फाइल यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेली नसते. या तीन गोष्टी ज्या शिक्षकाने प्रशिक्षणात स्वतःच्या हाताने निस्तरल्यात, तो शाळेत अडल्यावर घाबरत नाही. आणि ज्याला तयार, निर्दोष फाइल देऊन 'बघा किती सोपं' म्हणून दाखवलं, तो पहिल्याच प्रश्नचिन्हाला लॅपटॉप बंद करतो.

नकाशा पूर्ण झाला की खरा भूगोल सुरू होतो. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ आणि क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर, म्हणजे दर चौरस किलोमीटरला २९०. तालुकानिहाय घनता रंगवली की उत्तर सोलापूर काळाकुट्ट आणि बाकीचे दहा जवळजवळ एकाच फिक्या रंगाचे. कारण जनगणनेत शहराची साडेनऊ लाख माणसं त्या एका तालुक्यात मोजली जातात. नकाशा खोटा नाही, पण तो बाकीच्या दहा तालुक्यांबद्दल काहीच सांगत नाही. आता शहर वेगळं काढा, किंवा रंगांच्या गटांच्या मर्यादा बदला. लगेच दुसराच नकाशा समोर येतो आणि त्यात बागायती पट्टा आणि कोरडवाहू पट्टा यांतला फरक शोधायला जागा मिळते. आकडे तेच, गट पाडण्याची रीत वेगळी. गट कुणी आणि कसे पाडले, हे विचारायची सवय मुलांना लागली, तर उद्या वर्तमानपत्रातला किंवा फोनवर आलेला कोणताही रंगीत नकाशा ती तशीच तपासून बघतील. माझ्या मते शाळेत जीआयएस आणण्याचं हे सगळ्यात भक्कम कारण आहे. पुढे त्या क्षेत्रात नोकरी मिळेल हे कारण मला तेवढं महत्त्वाचं वाटत नाही.

उजनी प्लस, उजनी मायनस

उन्हाळ्यात सोलापुरात कुठल्याही कट्ट्यावर 'उजनी किती मायनस' ही चौकशी होते. मुलांनी हा शब्द लहानपणापासून ऐकलेला असतो. त्यामागचं गणित सहसा कुणी सांगितलेलं नसतं. धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यातला जवळपास ६३.५ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांखाली राहणारं पाणी. वरचं सुमारे ५३.५ टीएमसी उपयुक्त. टक्केवारी या उपयुक्त साठ्यावर काढतात. म्हणून 'मायनस पन्नास टक्के' म्हणजे धरण कोरडं नव्हे. मृतसाठ्यातूनही सुमारे २७ टीएमसी गेलेलं असतं. २०२४च्या उन्हाळ्यात पातळी याच्याही खाली गेली होती.

उपग्रहाच्या छायाचित्रांवर हे बघता येतं. एक छायाचित्र ऑक्टोबरचं, एक मे महिन्याचं, तेच ठिकाण, शेजारी शेजारी. करमाळ्याच्या बाजूला पाण्याची बोटं कशी आत येतात आणि उन्हाळ्यात कशी मागे सरतात, हे पाचवीच्या मुलालाही दिसतं. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची वर्षं सरकवता येतात. धरण १९८०च्या सुमारास पूर्ण झालं, त्यामुळे जलाशय तिथे पहिल्यापासून आहे. बदलताना दिसतो तो आजूबाजूचा हिरवा रंग आणि सोलापूर शहराची हद्द. दहावीच्या मुलांकडून याच्या पुढे जाऊन पाण्याच्या चौकटी मोजून घेता येतात. एक चौकट एक गुंठा धरली की पाण्याखालचं क्षेत्र निघतं. मग विचारायचं: क्षेत्र निम्मं झालं, तर पाणीही निम्मं झालं का? झालेलं नसतं. कडेचा भाग उथळ, मधला खोल, तळाशी गाळ. उपग्रह पृष्ठभाग बघतो, खोली बघत नाही. साधनाला काय कळत नाही, हे सांगणारा हा तास मला सर्वांत आवडतो.

तशीच गोष्ट पुराची. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या पुराने काठावरच्या कितीतरी गावांत पाणी शिरलं. आता प्रत्येक शिक्षकाच्या मनात येतं की गूगल अर्थवर उंची बघून कुणाचं घर बुडेल हे मुलांना दाखवावं. हे करू नये. मोफत मिळणाऱ्या उंचीच्या माहितीचा मोठा भाग फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीतून आलेला आहे. तिच्यात काही मीटरचा फरक असू शकतो, आणि गावात पाणी येणं न येणं एक-दोन मीटरवर ठरतं. त्या आकड्यांवरून कुणाचं घर सुरक्षित आणि कुणाचं नाही असं वर्गात सांगणं चुकीचं आणि दुखावणारं होईल. त्याऐवजी मुलांनी टेप घेऊन जावं. देवळाच्या, चावडीच्या, शाळेच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते. ती जमिनीपासून किती उंच, हे मोजावं, ठिकाण नोंदवावं, फोटो काढावा. वीस-पंचवीस ठिकाणांची अशी नोंद नकाशावर मांडली, की त्या गावापुरती ती कुठल्याही उपग्रहापेक्षा खात्रीची असते आणि पुढच्या पावसाळ्यात ग्रामपंचायतीलाही उपयोगी पडते. घरात काय वाहून गेलं हे मुलांना विचारायला लावू नये. पाणी कुठवर आलं, एवढंच विचारावं.

दहावीच्या क्षेत्रभेटीच्या धड्याला हीच पद्धत लागू पडते. हत्तरसंग कुडलला भीमा-सीना संगमावर सहल नेता येते. शके ९४०चा मराठी शिलालेख तिथेच आहे, त्यामुळे इतिहासाचा तासही त्यातच होतो. नान्नजला माळढोक अभयारण्याच्या गवताळ माळावर नेता येतं. निघण्यापूर्वी नकाशा फोनवर ऑफलाइन उतरवून घ्यावा, कारण माळावर रेंज असेलच असं नाही.

कोणती साधनं, कोणत्या क्रमाने

नवख्या शिक्षकाला थेट क्यूजीआयएस देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. २००२ पासून विकसित होत आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर उत्तम आहे, मोफत आहे, पण पहिल्याच पडद्यावरची बटणांची गर्दी बघून माणूस दबतो. सुरुवात गूगल अर्थ आणि साध्या एक्सेल तक्त्यावर व्हावी. मग गूगल माय मॅप्स, ज्यात तक्ता चढवला की ठिपके येतात. जिल्ह्याचे थर रचायची वेळ आली की क्यूजीआयएस, तेही ज्यांना हवं त्यांना. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे आणि शालेय अभ्यासक्रमासाठी त्याचा स्कूल भुवन हा वेगळा विभाग आहे. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये सुरू झाला; त्यात गावातल्या वाटा, आड, बसथांबे आपण स्वतः भरू शकतो. सोलापूर जिल्ह्यातल्या बऱ्याच वाड्या-वस्त्यांचे रस्ते अशा भरण्याची वाट बघत आहेत.

कागद मात्र सोडू नये. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे नकाशे नोंदणी करून पीडीएफ स्वरूपात उतरवता येतात. जुन्या क्रमांकानुसार सोलापूर शहराचा नकाशा ४७ ओ/१४. शहर, तलाव, टेकाडं, समोच्च रेषा हे सगळं हातात धरून वाचल्यावरच पडद्यावरच्या थरांना अर्थ येतो. शिवाय दहावीच्या बोर्डाच्या पेपरात नकाशा हातानेच भरायचा असतो. देशाची बाह्यसीमा दाखवायची असेल तेव्हा सर्वेक्षण विभागाचाच नकाशा घ्यावा. परदेशी संकेतस्थळांवर जम्मू-काश्मीरची सीमा चुकीची किंवा तुटक दाखवलेली असते आणि चुकीचा नकाशा प्रसिद्ध करणं कायद्याने गुन्हा आहे.

गावचा नकाशा करताना आणखी दोन पथ्यं. मुलांची घरं नावानिशी टाकायची नाहीत. सार्वजनिक जागाच टाकायच्या. आणि वस्त्यांना जातिवाचक नावं द्यायची नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनेच ती बदलण्याचा निर्णय घेतलेला आहे, पण लोकांच्या तोंडी जुनी नावं असतात आणि मूल ऐकलेलं नाव सरळ लिहून टाकतं. ठिपका सार्वजनिक नकाशावर चढवण्याआधी शिक्षकाने प्रत्येक नाव वाचून बघावं.

प्रशिक्षण संपल्यानंतर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत. हे तास सलग दोन-तीन दिवसांत संपवण्यापेक्षा वर्षभर पसरले तर जास्त उपयोग होईल. माझा आराखडा साधा आहे. जूनच्या आधी एक दिवस, ज्यात प्रत्येक शिक्षक आपल्या शाळेच्या परिसराचा एक नकाशा पूर्ण करूनच उठेल. बॅच वीस-पंचवीसची, दोघांत एक लॅपटॉप, आणि मागे फिरणारे दोन मदतनीस. मग पहिल्या सत्रात एक धडा नकाशावर घ्यायचा, कोणता ते शिक्षकाने ठरवावं. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होतेच. तिच्यात अर्धा तास राखून दोघा-तिघांनी आपला नकाशा आणि वर्गात काय झालं ते दाखवावं. अडलेलं तिथेच सुटतं, कारण शेजारच्या शाळेतले सर जे सांगतात ते तज्ज्ञांच्या स्लाइडपेक्षा जास्त लक्षात राहतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं काम सुरू केलं आणि २०२०चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. नवं तंत्र इथल्या खेड्यातल्या शाळेत रुजतं, हे इथे कुणाला पटवून द्यावं लागणार नाही.

एक काम मात्र एकट्या शिक्षकाने करू नये, ते जिल्ह्याच्या पातळीवर एकदाच व्हावं. सोलापूर जिल्ह्याचं एक सामायिक फोल्डर: अकरा तालुक्यांच्या सीमा, नद्या, कालवे, तलाव, रस्ते, रेल्वे, तालुकानिहाय पाऊस आणि लोकसंख्या, प्रत्येक फाइलमध्ये तालुक्यांची नावं एकाच पद्धतीने लिहिलेली, फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवलेली, आणि सोबत एका पानावर ती माहिती कुठल्या वर्षाची, कुठून घेतली, हे मराठीत. जिल्ह्यात कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. नावांचा एक रकाना त्या लिप्यांतही असावा. डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक आणि जिल्ह्यातले काही उत्साही शिक्षक एकत्र बसले, तर दिवाळीच्या सुट्टीत हे फोल्डर तयार होईल आणि उजनीपासून अक्कलकोटपर्यंतच्या कोणत्याही शाळेला पेन ड्राइव्हवर नेता येईल.